पाहुणा रिकाम्या हातांनी गेला

माझी ताई छापखान्यात प्रुफं तपासते. सव्वीस वर्षं झाली. औषधाच्या पत्रकापासून कायद्याच्या जाडजूड पुस्तकापर्यंत काहीही तिच्या टेबलावर येतं आणि सुधारून जातं. तिचा एक नियम आहे. लेखकाचं शुद्धलेखन सुधारायचं, लेखकाला सुधारायला जायचं नाही. सव्वीस वर्षांत तिने समासात ठरलेल्या खुणांपलीकडे एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यामुळे गेल्या वर्षी एका पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावर तिने पेन्सिलीने अख्खं वाक्य लिहिलं, तेव्हा छापखान्याचे मालक तो कागद घेऊन स्वतः तिच्या टेबलाशी आले.

"बरं वाटतंय ना तुला?" त्यांनी विचारलं.

"ठणठणीत आहे," ताई म्हणाली. "लेखिकेला तसंच पाठवा."

वाक्य असं होतं : "हे असं घडलेलं नाही. पुरावा माझ्याकडे आहे."

पुस्तक चित्रपटांवर होतं. खऱ्याखुऱ्या खुनी-दरोडेखोरांच्या आयुष्यावर निघालेले चित्रपट घेऊन लेखिकेने त्यांची तुलना केली होती. एकाच गुन्हेगारावरचे दोन चित्रपट शेजारी ठेवायचे आणि कोण काय दाखवतं, कोण काय झाकतं ते बघायचं. चौथं प्रकरण पाहुण्यावर होतं.

पाहुणा हे नाव त्याला वर्तमानपत्रांनी दिलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी दोन वर्षांत त्याने अकरा माणसं मारली. दुकानं, पेढ्या, कचेऱ्या, जिथे तिजोरी असेल तिथे तो भरदुपारी जायचा. दारात उभा राहून नम्रपणे विचारायचा, "येऊ का?" कोणीतरी "या" म्हणायचं, आणि तो आत यायचा. शेवटी पकडला गेला आणि तुरुंगातच मेला. त्याच्यावर दोन चित्रपट निघाले. एक तीस वर्षांपूर्वीचा, दुसरा अगदी अलीकडचा. आम्ही भावंडांनी त्यातला एकही पाहिला नव्हता. जुना चित्रपट लागला तेव्हा रस्तोरस्ती त्याची चित्रं होती, आणि आम्ही मोठे झालो होतो तरी आई आम्हाला लांबच्या गल्लीने जायला लावायची. "त्या मेल्याचं तोंड माझ्या पोरांनी बघायचं नाही," एवढंच ती म्हणायची. आम्हीही पुढे कधी विचारलं नाही.

कारण त्या अकरांतले नववे आमचे बाबा.

बाबा एका लहानशा पोस्टात कामाला होते. पत्रं लावायची, शिक्के मारायचे, पार्सलं तोलायची. तेव्हा ताई बारा वर्षांची होती, मी सात.

लेखिकेने एकशे बाराव्या पानावर लिहिलं होतं : "पोस्टातला नोकर गुडघे टेकतो, रडतो आणि किल्ली काढून देतो. भीतीपुढे सामान्य माणूस कसा कोसळतो हे दाखवणारा जुन्या चित्रपटातला हा सर्वांत खरा क्षण."

ताईने ते वाचलं, स्वल्पविराम तपासला, तो बरोबर होता. मग पेन्सिल उचलली.

तिसऱ्या दिवशी लेखिका छापखान्यात आली. कॉलेजात शिकवणारी, पस्तिशीची, चालणं घाईचं, बोलणं त्याहून घाईचं. मी त्या वेळी तिथेच होतो. छापखान्याचा फ्रिज बिघडला होता आणि फ्रिज दुरुस्त करणं हा माझा धंदा. त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं मी फ्रिजच्या पाठीमागून ऐकलं.

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय," लेखिका म्हणाली. "मी चित्रपटाबद्दल लिहिलंय. प्रत्यक्षात काय घडलं याबद्दल नाही."

"मग 'खरा' हा शब्द काढा," ताई म्हणाली.

लेखिका म्हणाली, "तो वेगळ्या अर्थाने आहे."

"वाचणाऱ्याला कुठला अर्थ कळेल?"

लेखिका खुर्ची ओढून ताईसमोर बसली. तिचं हे मला आवडलं. दुसरं कोणी असतं तर मालकाकडे तक्रार घेऊन गेलं असतं. "तुम्हाला काय माहीत आहे ते सांगाल का?" तिने विचारलं.

ताईने पिशवीतून एक जुनी फाइल काढली. चौकशीच्या कागदांची नक्कल. आईने ती चाळीस वर्षं कपाटात कपड्यांखाली ठेवली होती. मला ती आहे हेही माहीत नव्हतं. आणि मग ताईने सांगितलं. मी पान्हा खाली ठेवला.

दुपारचे दोन वाजले होते. पोस्टमास्तर जेवायला घरी गेले होते. आत तिघंच. बाबा, तारेच्या यंत्रावर नुकतीच लागलेली एकोणीस वर्षांची मुलगी आणि पार्सल पाठवायला आलेली एक म्हातारी. दारात एक माणूस आला आणि म्हणाला, "येऊ का?" पोलिसांनी काढलेलं पाहुण्याचं चित्र पोस्टाच्या फळ्यावर होतं. ते बाबांनीच खळ लावून चिकटवलेलं. बाबांनी ओळखलं. पण ओळखल्याचं दाखवलं नाही. "या, बसा, यांचं तेवढं पार्सल ठेवून घेतो," असं म्हणून त्यांनी म्हातारीला आणि त्या मुलीला पार्सलच्या खोलीत पाठवलं. त्या खोलीला लोखंडी दार होतं आणि पोस्टाची तिजोरीही तिथेच होती. दोघी आत गेल्या. बाबांनी बाहेरून दार ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली भिंतीतल्या टपालपेटीच्या फटीतून आत टाकली. त्या पेटीची किल्ली टपाल न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याकडे असायची.

पाहुण्याने पिस्तूल काढून किल्ली मागितली. बाबा म्हणाले, "पेटीत टाकली. पाच वाजता गाडी येईल, तेव्हा मिळेल."

दाराआडून त्या मुलीने हे शब्द ऐकले. मग गोळीचा आवाज ऐकला. मग दार हलवल्याचा, लाथा मारल्याचा. दार हललं नाही. पाहुणा निघून गेला. पोलिसांनी गाडी लवकर बोलावली, पेटी उघडली, तेव्हा पत्रांच्या ढिगात किल्ली होती.

"अकरा ठिकाणी माणूस मेला," ताई म्हणाली. "पण पाहुणा रिकाम्या हातांनी गेला तो एकाच ठिकाणाहून."

लेखिकेने फाइल वाचली. प्रत्येक पान. मग म्हणाली, "हे प्रकरण मी असं छापू शकत नाही. तुम्ही माझ्याबरोबर दोन्ही चित्रपट बघाल?"

घरी बघणं शक्य नव्हतं, आई होती. म्हणून रविवारी सकाळी माझ्या दुकानात बसलो. चार उघडे फ्रिज, मधे तीन पेट्या, पेट्यांवर आम्ही तिघं आणि समोर लेखिकेने आणलेला लॅपटॉप. ताईने वही घेतली होती. मला वाटलं होतं, ती रडेल. मीच रडलो. ती प्रुफं तपासल्यासारखी बसली, चष्मा नाकावर, पेन्सिल कानावर. मधेच म्हणायची, "जरा मागे घ्या." लेखिका मागे घ्यायची. जुन्यात पोस्टातला प्रसंग साडेचार मिनिटांचा होता. नव्यात वीस सेकंदांचा. एक गाणं चालू असतं, पाहुणा घोड्यासारखा उमदा दिसतो, दारं उघडतात, टोप्या उडतात, त्यातली एक टोपी पोस्टाची.

बघून झाल्यावर लेखिका म्हणाली, "पुढच्या महिन्यात चित्रपट मंडळात या प्रकरणावर माझं भाषण आहे. त्या नोकराचं काम करणारे नट पाहुणे म्हणून येणार आहेत." मग एकदम जीभ चावली. "म्हणजे, प्रमुख म्हणून..."

ताई हसली. चाळीस वर्षांत त्या शब्दावर आमच्या घरातलं कोणी हसलं असेल तर तेव्हाच. "येऊ द्या," ती म्हणाली. "मीही येते. बोलायला द्याल?"

"तुम्हीच बोला," लेखिका म्हणाली. "मी प्रस्तावना करते."

चित्रपट मंडळ म्हणजे ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली. शनिवारी चार वाजता चाळीस खुर्च्या भरल्या, काही माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. मागच्या रांगेत तारमावशी येऊन बसली होती. तारमावशी म्हणजे तीच, त्या दिवशी आत कोंडली गेलेली मुलगी. आता निवृत्त, केस पांढरे. आमच्याशी तिचं रक्ताचं काही नातं नाही, पण माझ्या शाळेच्या प्रत्येक निकालाच्या दिवशी ती घरी यायची. आई तिला धाकट्या बहिणीसारखी वागवते. ताईने तिला बोलावलं होतं.

नट आले ते काठी टेकत. सत्तरी गाठलेले, उंच, चेहरा अजूनही बघत राहावा असा. त्यांचा प्रसंग पडद्यावर दाखवला. गुडघे टेकणं, थरथरणारी हनुवटी, हात जोडणं, किल्ली पुढे करणं. काम उत्तम होतं, खोटं कशाला बोलू. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नटांनी मान लववली. ताईनेही टाळ्या वाजवल्या, आणि मला तिचा राग आला.

मग ती उठली. साधी सुती साडी, हातात वही. तिने आधी आपण कोण हे सांगितलंच नाही.

"मी प्रुफं तपासते," तिने सुरुवात केली. "त्यामुळे चुका शोधायची सवय आहे. नव्या चित्रपटात बऱ्याच चुका आहेत, पण त्या मी सांगणार नाही. वाईट पुस्तकातली चूक कोणाच्या लक्षात राहत नाही. जुना चित्रपट चांगला आहे. त्यात तो दारात येऊन 'येऊ का' म्हणतो तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. म्हणून त्यातली चूक सांगते. चांगल्या पुस्तकातली चूक लोक पाठ करतात."

तिने वहीचं पान उलटलं.

"जुन्याला तो माणूस भयंकर दाखवायचा होता. मग त्याच्या समोरचा प्रत्येकजण थरथर कापलाच पाहिजे. नव्याला तो लाडका दाखवायचा होता. मग समोरच्याला चेहराच असून चालणार नाही, नाहीतर आपल्याला त्याची कीव येईल. दोघांचं भांडण एका गोष्टीवर आहे, पाहुणा कसा होता. समोर कोण होतं, याची चौकशी दोघांनीही केली नाही. ती चौकशी कागदावर झालेली आहे. ती मी वाचून दाखवते."

आणि तिने वाचलं. सगळी चौकशी. कोरड्या सरकारी भाषेतली, तारखेसकट. ती वाचताना आवाज चढवत नव्हती, की उतरवत नव्हती. "पेटीत टाकली. पाच वाजता गाडी येईल, तेव्हा मिळेल," हे वाक्यही तिने तसंच वाचलं. शेवटी वही मिटून म्हणाली, "ते माझे वडील." आणि बसली.

कोणी टाळी वाजवली नाही. वाजवायची की नाही हेच कोणाला कळेना. माझी मात्र छाती इतकी भरून आली होती की शर्टाचं बटण तुटेल असं वाटलं. ही माझी बहीण. बाबा गेल्यावर मला शाळेत पोचवून मग स्वतःच्या शाळेत धावत जाणारी. सगळ्या खोलीने तिचं ऐकलं होतं आणि तिने एकालाही दुखावलं नव्हतं.

नट उठले. काठी खुर्चीला टेकवून ठेवली.

"मला कागद मिळाला होता त्यावर चारच शब्द होते," ते म्हणाले. "'पोस्टातला नोकर. मारला जातो.' दिग्दर्शक म्हणाले, रडा. मी रडलो. त्या रडण्यावर मला पुढे तीस वर्षं काम मिळालं. माझ्या नातवंडांना मी तोच प्रसंग दाखवतो." ते ताईकडे वळले. "बाई, मी माफी मागायला उभा नाही. मागितली तरी तिचा उपयोग काय? पण एक विचारू का? ते वाक्य त्यांनी कसं म्हटलं असेल?"

ताईने मान हलवली. तिला माहीत नव्हतं. तिने मागे बघितलं, तशी सगळ्यांनी बघितलं.

तारमावशी उभी राहिली. "मी पाहिलं नाही," ती म्हणाली. "मी फक्त ऐकलं."

"मला ऐकलेलंच हवं आहे," नट म्हणाले. त्यांनी खांदे सरळ केले, मान वर केली आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "पेटीत टाकली. पाच वाजता गाडी येईल, तेव्हा मिळेल!"

"छे," तारमावशी म्हणाली. "एवढं मोठं नाही हो. ते काही लढाईवर नव्हते."

काहीजण हसले. नटही हसले. पुन्हा म्हटलं, या वेळी हळू, दात आवळून, शब्दांत राग.

"राग नव्हता," तारमावशी म्हणाली. "कसं सांगू तुम्हाला? दिवसातून वीस माणसं यायची खिडकीवर. पत्र चुकून टाकलं, परत द्या, म्हणायची. त्यांना जसं सांगायचे ना, तसं. त्यात समोरच्याचं ऐकून घ्यायचं पण नियम मोडायचा नाही."

नटांनी थोडा वेळ डोळे मिटले. मग उजवा खांदा जरा खाली सोडला, समोर खिडकी असावी तसं किंचित वाकले आणि म्हणाले,

"पेटीत टाकली. पाच वाजता गाडी येईल, तेव्हा मिळेल."

साधं. कामाच्या माणसाचं बोलणं.

तारमावशीने तोंडावर हात घेतला. नुसती मान हलवत राहिली, हो, हो. मला बाबांचा आवाज आठवत नाही. सात वर्षांचा होतो. पण त्या क्षणी ताईने माझा हात इतक्या जोराने दाबला, की तिला तो आठवला हे मला कळलं.

त्यानंतर मात्र टाळ्या पडल्या. कोणासाठी, ते सांगता येणार नाही.

घरी येऊन ताईने आईला सगळं सांगितलं. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. आई ऐंशीची आहे, कान तिखट आहेत. तिने ऐकून घेतलं, चित्रपट पाहिल्याबद्दल रागावली नाही. फक्त विचारलं, "त्या नटाला चहाला का नाही बोलावलंत?"

पुढच्या आठवड्यात ते आले. चांगला शर्ट घालून, हातात फळांची पिशवी. दारात येऊन ते अडखळले. तोंडातून सहज "येऊ का" निघणार होतं, ते त्यांनी गिळलं. उंबऱ्यावरच उभे राहिले. आईने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"फार उंच आहात तुम्ही," ती म्हणाली. "आमचे ठेंगणे होते. वरच्या फळीवरची पार्सलं काढायला स्टूल लागायचं त्यांना. आत या."

मग दोन तास ती बोलत होती. बाबांबद्दल तिच्या तोंडून मी इतकं कधी ऐकलं नव्हतं. ते शिट्टी बेसूर वाजवायचे. पत्त्यावरचं अक्षर बघून माणसाचा स्वभाव सांगायचे आणि दहापैकी नऊ वेळा चुकायचे. कोणाचं पत्र अपुऱ्या पत्त्यामुळे परत जायला लागलं की यांना घास गोड लागायचा नाही. जेवण सोडून तो पत्ता शोधायला जायचे. नट गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. मधूनच एखादी लकब करून दाखवायचे, आई म्हणायची, "नाही, असं नाही," आणि स्वतः उठून करून दाखवायची. ऐंशीची बाई शिट्टी वाजवायला बघत होती. ताई आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो, कपबशा हातात तशाच.

निघताना नट म्हणाले, "तीस वर्षांपूर्वी तुमच्याकडे यायला हवं होतं."

"तेव्हा मी दार उघडलं नसतं," आई म्हणाली. "आता आलात ते बरं झालं. पुन्हा या."

पुस्तक पावसाळ्याआधी निघालं. चौथं प्रकरण लेखिकेने पुन्हा लिहिलं. 'सर्वांत खरा क्षण' गेला, तिथे आलं, 'सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत खोटा क्षण'. दोन चित्रपटांच्या तुलनेनंतर तीन पानं अशी आहेत की त्यात कुठलाही चित्रपट नाही. फक्त अकरा माणसं. प्रत्येकाचा धंदा, घरी कोण कोण होतं, त्या दिवशी ती माणसं काय करत होती. लेखिका आणि ताई दोघींनी मिळून चार महिने हिंडून ती माहिती जमवली. शिंपी होता, पेढीतली कारकून बाई होती, दाराशी उभा राहणारा पहारेकरी होता. काहींच्या घरच्यांनी तोंडावर दार लावलं. दोघांच्या घरी आता कोणीच उरलं नव्हतं. त्या जागी तसं लिहिलं आहे. नऊ नंबरला बाबा आहेत, आणि त्यांना इतरांपेक्षा एक ओळही जास्त नाही. ताईने ती दिली नाही. मी भांडलो. म्हटलं, आपले बाबा हिरो होते, दोन ओळी जास्त दे की. ती म्हणाली, "शिंप्याच्या मुलीलाही तसंच वाटत असणार."

मालकांनी पुस्तकाची पहिली प्रत ताईच्या हातात दिली आणि छापखान्यातल्या सगळ्यांना काम थांबवायला लावलं. यंत्रं बंद झाली. जुळणीवाले, बांधणीवाले, सगळे गोळा झाले. "आपल्या टेबलावरून निघालेलं पुस्तक आहे," ते म्हणाले. एवढंच. भाषण त्यांना जमत नाही.

संध्याकाळी ताईने ती तीन पानं आईला वाचून दाखवली. नऊ नंबर आला तेव्हा थांबली नाही, पुढे दहा, अकरा वाचले आणि मग पुस्तक मिटलं.

आईने पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं. चष्मा लावला. ती तीन पानं तिने बोट ठेवून पहिल्यापासून पुन्हा वाचली, प्रत्येक नंबरला थोडी थांबत. बराच वेळ लागला. मी दिवा लावला. वाचून झाल्यावर तिने ताईकडे बघितलं आणि म्हणाली, "त्या शिंप्याच्या मुलीला एकदा जेवायला बोलाव."

ताई म्हणाली, "बोलावते."

ती गेल्या रविवारी आली होती.